मॉर्मन लोक: इतिहास, श्रद्धा आणि आपल्या मनातली चित्रं

निशिगंध

नमस्कार मंडळी. नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही टेक्सासमधून युटाहमधल्या लीहाय गावी राहायला आलो. गल्लीतली बरीचशी घरं मॉर्मन, म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघालेल्या एका चर्चला मानणारी. इथे येण्याआधी मला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं ते एवढंच: अनेक बायका करतात, चहा-कॉफी पीत नाहीत, आणि पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावलेली मुलं जोडीनं दारोदार फिरतात. यातल्या पहिल्या गोष्टीवर मुख्य चर्चने १८९० मध्येच बंदी जाहीर केली होती. उरलेल्या दोन्ही खऱ्या आहेत.

मग वाचायला घेतलं. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

जोसेफ स्मिथचा जन्म १८०५ चा, व्हरमाँटमधला. गरीब शेतकरी घर. पुढे कुटुंब न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला पाल्मायरा गावाजवळ आलं. त्या भागात तेव्हा धर्मजागृतीची लाट होती. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, सगळ्यांचे उपदेशक सभा भरवत होते आणि एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या पंथांत जात होती. यातला खरा कोणता, असं जोसेफने रानात जाऊन देवाला विचारलं. १८२० मध्ये देवपिता आणि येशू दोघांनी दर्शन देऊन 'यातल्या कोणत्याच पंथात जाऊ नकोस' असं सांगितलं, ही मूळ कथा. १८२३ मध्ये मोरोनाय नावाच्या देवदूताने जवळच्या टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांची जागा दाखवली. १८२७ मध्ये ते पत्रे हाती आले आणि त्यांचं भाषांतर म्हणून मार्च १८३० मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन' हा त्यांचा धर्मग्रंथ छापला गेला. पहिल्या पाच हजार प्रतींसाठी मार्टिन हॅरिस या शेतकऱ्याने आपली जमीन गहाण टाकली. ६ एप्रिल १८३० ला चर्चची स्थापना झाली. चौदा वर्षांनी, २७ जून १८४४ ला, इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. जोसेफ ३८ वर्षांचा होता.

मला अडकवून ठेवलं ते इथे. हा धर्म जन्मला तेव्हा छापखाने होते, वर्तमानपत्रं होती, कोर्टाची दप्तरं होती, शेजारीपाजारी प्रतिज्ञापत्रं लिहून देत होते. जुन्या धर्मांच्या संस्थापकांभोवती काळाने जे धुकं धरलं, ते याला मिळालंच नाही. तरी आज जगात एक कोटी सत्तर लाखांहून जास्त सभासद आहेत. माझं मत असं की, आपण यांच्यावर हसतो ते त्यांच्या श्रद्धा जास्त विचित्र आहेत म्हणून नव्हे, त्या नव्या आहेत म्हणून. तुम्हाला काय वाटतं?

आणि एक व्यवहारातला प्रश्न. शेजारचा मुलगा दोन वर्षांसाठी मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, चाललाय. रविवारी तो चर्चमध्ये बोलणार आहे, आम्हाला बोलावलंय. कोणी गेलंय का अशा सभेला?

---

चहाबाज

चहा बंद? मग पाहुण्याला विचारायचं तरी काय? :)

---

मुळामुठा

उत्तम धागा. इतिहासाचा थोडा भाग मी जोडतो, कारण तो कळल्याशिवाय हे लोक एवढे एकमेकांना धरून का असतात ते कळत नाही.

स्थापनेनंतर ही मंडळी एका जागी टिकलीच नाहीत. ओहायोतलं किर्टलंड, मग मिझुरी. मिझुरीत स्थानिकांशी संघर्ष इतका पेटला की २७ ऑक्टोबर १८३८ ला गव्हर्नर लिलबर्न बॉग्जने लेखी हुकूम काढला: मॉर्मनांना शत्रू समजावं, त्यांना संपवावं किंवा राज्याबाहेर हाकलावं. तीन दिवसांनी हॉन्स मिल इथे १७ माणसं मारली गेली, त्यांत लहान मुलगाही होता. हा हुकूम अधिकृतपणे मागे घ्यायला १९७६ साल उजाडलं. तिथून इलिनॉयमध्ये नाऊवू हे शहर वसवलं, तेही जोसेफच्या खुनानंतर सोडावं लागलं. फेब्रुवारी १८४६ मध्ये ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली निघाले आणि २४ जुलै १८४७ ला यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. तो मुलूख तेव्हा मेक्सिकोचा होता. निशिगंध, तुमच्याकडे २४ जुलैला सुट्टी असते ती याचीच. नंतर आलेल्यांत अनेकांकडे बैलगाड्याही नव्हत्या, हातगाड्या ओढत आले. १८५६ मध्ये अशा दोन तांड्यांना वायोमिंगमध्ये बर्फाने गाठलं आणि दोनशेहून जास्त माणसं दगावली.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. ११ सप्टेंबर १८५७ ला दक्षिण युटाहमध्ये माउंटन मेडोज इथे मॉर्मन सशस्त्र दलाने कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. पांढरं निशाण दाखवून, अभय देऊन, शस्त्रं खाली ठेवायला लावून मारलं. फक्त लहान मुलं वाचली. शिक्षा एकट्या जॉन ली याला झाली, वीस वर्षांनी. छळ सोसलेली माणसंही असं करू शकतात, हे वाचून मला फार त्रास झाला होता.

पुणेकरांसाठी एक अवांतर: स्कॉटलंडचा ह्यू फिंडले हा मॉर्मन मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत आणि मग आपल्या पुण्यात आला होता. इथे त्याने छोटी शाखाही काढली. तिच्याकडे वळले ते मुख्यतः ब्रिटिश लष्करातले लोक. लष्करी अधिकारी आणि पाद्री दोघांनीही त्याला विरोध केला. हिंदुस्थानातलं ते पहिलं मिशन काही वर्षांत गुंडाळलं गेलं. म्हणजे युटाहमध्ये त्यांची वस्ती जेमतेम पाच वर्षांची असताना त्यांचा माणूस पुण्यात होता!

---

चहाबाज

पुण्यात येऊन धर्म पटवून द्यायचा? फिंडलेसाहेबांच्या हिमतीला दंडवत. इथे आम्हाला अमृततुल्य कोणतं चांगलं तेसुद्धा कोणी पटवू शकलेलं नाही.

---

तर्कट

निशिगंध, तुमच्या मुख्य मताशी असहमत. नवा आहे म्हणून हसतात, हे अर्धंच खरं. नव्या धर्माचे दावे तपासता येतात, आणि तपासले की टिकत नाहीत, हे उरलेलं अर्धं.

बुक ऑफ मॉर्मनमध्ये प्राचीन अमेरिकेत घोडे, पोलाद, गहू आहेत. पुरातत्त्वाला त्या काळात यातलं काही सापडलेलं नाही. अमेरिकेतले मूळ रहिवासी आशियातून आले हे जनुकशास्त्र सांगतं. चर्चने स्वतः २००६ मध्ये ग्रंथाच्या प्रस्तावनेत बदल केला: आधी ग्रंथातले लॅमनाइट नावाचे लोक हे अमेरिकन इंडियनांचे 'प्रमुख पूर्वज' होते, आता ते 'पूर्वजांपैकी' आहेत.

जोसेफ तरुणपणी जादूच्या दगडात बघून पुरलेलं धन शोधून देण्याची कामं घेत असे, आणि त्याबद्दल १८२६ मध्ये त्याला न्यायाधीशापुढे उभं केलं होतं. भाषांतरही बरंचसं टोपीत दगड ठेवून, टोपीत तोंड घालून सांगितलं गेलं. २०१५ मध्ये चर्चनेच त्या दगडाचे फोटो छापले.

सगळ्यात पक्का पुरावा 'बुक ऑफ अब्राहम' या त्यांच्या आणखी एका धर्मग्रंथाचा. १८३५ मध्ये जोसेफने फिरत्या प्रदर्शनवाल्याकडून इजिप्तच्या ममी आणि पपायरस (प्राचीन कागदावरचे लेख) विकत घेतले, यात बायबलमधल्या अब्राहमचं लिखाण आहे म्हणाला आणि त्याचं भाषांतर म्हणून हा ग्रंथ दिला. त्या काळी अमेरिकेत चित्रलिपी वाचणारं कोणी नव्हतं. ते पपायरस नष्ट झाले असा समज होता. पण १९६७ मध्ये त्यांचे तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातून चर्चकडे परत आले. इजिप्तविद्येच्या अभ्यासकांनी वाचले तर मृतासोबत ठेवायचे नेहमीचे अंत्यविधीचे मंत्र निघाले. अब्राहमचं नावही नाही.

आणि स्त्रियांचं काय? जोसेफची तीस ते चाळीस लग्नं झाली असावीत, आणि एक वधू पंधरावं लागायला काही महिने असताना त्याच्याशी 'बांधली' गेली (म्हणजे अनंतकाळच्या लग्नाचा विधी झाला), हे २०१४ पासून चर्चच्याच संकेतस्थळावर आहे. कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद जून १९७८ पर्यंत मिळत नव्हतं. याला 'फक्त नवेपणा' म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

---

सह्यकडा

तर्कटशी शंभर टक्के सहमत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

आरती_प्रोवो

मी प्रोवोला ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकले, सभासद नसताना. तिथे आमच्यासारख्यांनाही आचारसंहितेवर सही करावी लागते: दारू, तंबाखू, चहा, कॉफी सगळं बंद. चहाबाज, हर्बल टी चालतो. मनाई १८३३ च्या उपदेशातली, त्यात 'गरम पेयं' असं आहे आणि त्याचा अर्थ चहा-कॉफी असा लावला गेला. हॉट चॉकलेट मजेत पितात. माझ्या मैत्रिणींना कोकम सरबत अतोनात आवडायचं, तेव्हा पाहुण्यांची सोय आहे!

तर्कट, तुम्ही लिहिलेलं सगळं बरोबर आहे. पण माझ्या वर्गातल्या कोणालाही मी 'पपायरसमुळे माझी श्रद्धा आहे' असं म्हणताना ऐकलं नाही. त्यांना धरून ठेवतं ते वेगळंच. त्यांच्या मते पृथ्वीवर येण्याआधीही आपण सगळे देवापाशी होतो, त्याची खरीखुरी लेकरं म्हणून. देवाला हाडामांसाचं शरीर आहे. मेल्यानंतर बहुतेक सगळ्यांना तीन स्वर्गीय राज्यांपैकी एक मिळतं, कायमच्या नरकात जाणारे अगदी मोजके. आणि मंदिरात झालेलं लग्न मृत्यूने तुटत नाही, नवरा-बायको-मुलं अनंतकाळ एकत्र राहतात. माझ्या रूममेटचा भाऊ लहानपणी गेला होता. ती त्याच्याबद्दल वर्तमानकाळात बोलायची. त्या घरात मी राहिलेय, आणि त्या श्रद्धेला भोळेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

स्थानिक पातळीवर पगारी पुरोहित नसतो हेही लक्षात घ्या. बिशप म्हणजे नोकरी सांभाळून बिनपगारी मंडळी चालवणारा दंतवैद्य किंवा इंजिनिअर. उत्पन्नाचा दशांश देतात. शिवाय महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करून वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी देतात.

अजून एक. स्पॅनिश फोर्कला राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे. ते बांधताना मॉर्मन चर्चने २५,००० डॉलर दिले होते आणि त्यांचे कितीतरी सभासद हाताने कामाला आले होते. आज तिथल्या रंगपंचमीला हजारोंनी जे विद्यार्थी येतात त्यांत बहुसंख्य मॉर्मन असतात.

---

हिशेबनीस

दशांश करपूर्व उत्पन्नावर की हातात येणाऱ्या पगारावर?

---

आरती_प्रोवो

हिशेबनीस, हा वाद त्यांच्यातही अगदी रंगतो. :) ज्याने त्याने देवाला स्मरून ठरवायचं, असं म्हणतात.

---

तर्कट

दशांशाचा विषय निघालाच आहे म्हणून: चर्चची गुंतवणूक सांभाळणाऱ्या कंपनीने अब्जावधी डॉलरचे शेअर कागदी कंपन्यांच्या नावांआड दाखवले, म्हणून २०२३ मध्ये अमेरिकी शेअर बाजार नियामकाने चर्च आणि कंपनी मिळून ५० लाख डॉलर दंड केला. दंतवैद्य बिशप प्रामाणिक असेलही, पण वरचा कारभार उघडा नाही.

---

पणजीकर

मी गोव्यातला कॅथलिक. आमच्याकडे प्रश्न वेगळाच असतो: हे ख्रिस्ती आहेत का? ते स्वतःला मनापासून ख्रिस्ती म्हणवतात, चर्चच्या नावातच येशू ख्रिस्त आहे. २०१८ पासून तर त्यांचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 'मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या' असा आग्रह धरला.

पण आमची श्रद्धा निकियाच्या मतांगिकारावर, म्हणजे श्रद्धेच्या जुन्या अधिकृत कबुलीवर, उभी आहे: पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव. त्यांच्याकडे ते तिघे वेगवेगळे, फक्त हेतूने एक. म्हणून २००१ मध्ये व्हॅटिकनने त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असं ठरवलं. एखादा प्रोटेस्टंट कॅथलिक झाला तर सहसा पुन्हा बाप्तिस्मा लागत नाही, मॉर्मनाला लागतो. त्यांच्या बाजूने पाहिलं तर तेही आमचा बाप्तिस्मा मानत नाहीत, कारण मूळ चर्च प्रेषितांनंतर भ्रष्ट झालं आणि जोसेफने ते पुन्हा उभं केलं असं त्यांचं म्हणणं. एवढा मोठा दावा दोन्हीकडून असताना मधला मार्ग कसा निघणार? माझे दोन सहकारी मॉर्मन आहेत. धर्मावर आमचं एकमत होणार नाही हे तिघांनाही माहीत आहे, आणि मैत्री पक्की आहे.

---

रेवा

इतके दिवस नुसती वाचक होते, आज लिहिते. माझा नवरा सहा पिढ्यांच्या मॉर्मन घरातला. मिशन करून आलेला. नंतर वर तर्कटनी दिलेल्या यादीतल्याच गोष्टी वाचून बाहेर पडला. त्याला सर्वांत जास्त लागलं ते असं की, या गोष्टी त्याने आधी चर्चच्या विरोधकांकडून ऐकल्या, ते खोटं बोलतात असं मिशनवर लोकांना सांगितलं, आणि काही वर्षांनी चर्चनेच लेख छापून त्या मान्य केल्या.

आईवडिलांनी संबंध तोडले नाहीत, पण त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न मंदिरात झालं तेव्हा तो आणि मी बाहेर बागेत बसून होतो. मंदिरात फक्त पात्रतेचा दाखला असलेल्या सभासदांना प्रवेश. आधी साधं लग्न करून सगळ्यांना बोलवावं म्हटलं तर अमेरिकेत मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागायचं. तो नियम २०१९ मध्ये काढला, आमच्यासाठी उशिरा. सासूबाईंनी फोटोत आम्हाला मुद्दाम मध्ये उभं केलं. त्या माझ्यावर माया करतात आणि त्यांना खरंच वाटतं की अनंतकाळात त्यांचा मुलगा त्यांच्याजवळ नसेल. हे दुःख मी रोज बघते. 'कुटुंब कायमचं' ही शिकवण जितकी आधार देते तितकीच, एक जण बाहेर पडला की, सगळ्यांना कापत जाते.

---

आरती_प्रोवो

रेवा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या पोस्टमध्ये ही बाजू नव्हती आणि ती यायलाच हवी होती.

---

ठाणेकर_वकील

बहुपत्नीत्वाच्या बाबतीत आपला आणि मॉर्मनांचा एक थेट धागा आहे.

ब्रिगहॅम यंगचा सचिव जॉर्ज रेनॉल्ड्स याच्यावर दुसऱ्या लग्नाचा खटला झाला. ते आपलं धर्मकर्तव्य आहे असा त्याचा बचाव. १८७९ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: श्रद्धेवर कायदा हात टाकू शकत नाही, आचरणावर टाकू शकतो. त्यात दिलेलं एक उदाहरण आपल्याकडचं, सतीचं. पतीच्या चितेवर जाणं हा आपला धर्म आहे असं एखाद्या स्त्रीला मनापासून वाटलं, तर सरकारने तिला अडवू नये का? त्यानंतर १८८२ आणि १८८७ चे कडक कायदे आले, चर्चची मालमत्ता जप्त होऊ लागली आणि १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी बहुपत्नीत्व थांबवल्याचं जाहीर केलं. १८९६ मध्ये युटाहला राज्याचा दर्जा मिळाला.

आता इकडे या. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला. तो घटनेविरुद्ध आहे असा वाद नरसू आप्पा माळी खटल्यात झाला. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात छागला आणि गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला, आणि त्या निकालात मॉर्मन बहुपत्नीत्वाच्या अमेरिकी खटल्याचा दाखला आहे. सतीचं उदाहरण अमेरिकेत गेलं आणि मॉर्मनांचं मुंबईत आलं.

एक कृपया लक्षात घ्या: आज बातम्यांत दिसणारे अनेक बायकांचे पंथ वेगळे. वॉरन जेफ्स, ज्याला २०११ मध्ये अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचारांसाठी जन्मठेप झाली, तो फुटून निघालेल्या गटाचा. मुख्य चर्च आज एक बायको असताना दुसरी करणाऱ्याला बाहेर काढतं.

---

सह्यकडा

वकीलसाहेब, हे शाळेत का शिकवत नाहीत? एक भर: युटाहच्या बायकांना मताचा हक्क १८७० मध्येच मिळाला होता. तो १८८७ च्या त्याच बहुपत्नीत्वविरोधी कायद्याने काढून घेतला. 'पिचलेल्या बायकांना सोडवायला' निघालेल्यांनी आधी त्यांचं मत काढून घेतलं. याचा मला मनापासून राग येतो.

---

वंशवेल

वंशावळीचा नाद असलेल्यांना मॉर्मन म्हटलं की वेगळंच आठवतं. सॉल्ट लेकजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत जगभरच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म ठेवल्यात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यांनी चित्रित केल्या आणि त्या आज घरबसल्या फुकट बघता येतात. ज्या वह्यांची पानं वाळवी खाते, त्या या लोकांमुळे वाचल्या. त्यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

हे सगळं करण्यामागे श्रद्धा आहे: बाप्तिस्मा न घेता गेलेल्या पूर्वजांच्या नावाने जिवंत वंशजाने बाप्तिस्मा घ्यायचा. तो स्वीकारायचा की नाही ते मृतात्म्याच्या हाती. अडचण येते ती दुसऱ्यांच्या पूर्वजांपाशी. नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावाने असे विधी झाल्याचं उघड झालं, ज्यू संघटना संतापल्या आणि १९९५ मध्ये हे थांबवण्याचा करार झाला. गांधीजींच्या नावानेही झाल्याची बातमी २०१२ मध्ये आली होती. आपल्या माणसाला मेल्यावरही दुसऱ्या धर्मात ओढलं, असं वाटणं मी समजू शकतो.

---

निशिगंध

सगळ्यांचे किती आभार मानू. तर्कट, तुमचं म्हणणं मान्य: नवेपणामुळे दावे तपासता येतात, हा फरक मोठा आहे. पण माझं अर्धं मत मी सोडत नाही. शेरलॉक होम्सच्या १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत मॉर्मन म्हणजे पळून जाणाऱ्या मुलीच्या मागावर मारेकरी पाठवणारी टोळी आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या मनातलं चित्र तिथूनच आलंय. बहुपत्नीत्व थांबून शतक उलटलं, तरी मी इकडे येणार म्हटल्यावर मैत्रिणीने पहिला प्रश्न तोच विचारला. हे दावे तपासणं नव्हे ना?

आणि रविवारचं कोणीच सांगितलं नाही!

---

रेवा

निशिगंध, जा नक्की. साधे नीटनेटके कपडे, पंजाबी ड्रेस छान दिसेल. सभा तासाभराची, लहान मुलांचा भरपूर गोंगाट असतो, कोणी डोळे वटारत नाही. ब्रेडचे तुकडे आणि छोट्या पेल्यांतलं पाणी फिरवतात. घ्यायचं नसेल तर ताट पुढच्याला द्यायचं, कोणाला वाईट वाटत नाही. पैशांचं ताट फिरत नाही. भाषण मंडळीतलेच लोक करतात, त्यामुळे शेजारचा मुलगा घाबरलेला असेल, त्याला नंतर दोन शब्द बोला. त्याच्या आईशीही बोला. दोन वर्षं मुलगा लांब राहणार आहे, आणि आठवड्याला घरी फोन करण्याची परवानगीसुद्धा २०१९ मध्ये मिळाली. तुम्ही पंथात याल अशी आशा काही जणांना वाटेल. स्पष्ट आणि प्रेमाने 'नाही' म्हणा, ऐकतात.

---

बंगळुरी_मावशी

आमच्या बंगळुरूतही यांचं मंदिर होणार म्हणून वाचलं होतं. आम्हाला आत जाता येतं का?

---

आरती_प्रोवो

मावशी, घोषणा एप्रिल २०१८ मध्ये झाली, भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये. त्यांच्याकडे चर्च आणि मंदिर या दोन वेगळ्या जागा. रविवारची सभा चर्चमध्ये, ती कोणालाही खुली. मंदिर फक्त विधींसाठी, तिथे दाखला लागतो. पण नवं मंदिर अर्पण करण्याआधी काही आठवडे सगळ्यांना आतून दाखवतात, अगदी लग्नविधीच्या खोल्यांसकट. मी एका मंदिरात अशी गेले होते. वाटेल ते प्रश्न विचारा, सोबतचे लोक उत्तरं देतात. तारखा त्यांच्या संकेतस्थळावर येतात.

---

तर्कट

मावशी, तारीख कळली की इथे टाका. मीही बंगळुरूतच असतो. मला बुक ऑफ अब्राहमबद्दल समोरासमोर विचारायचंय, आणि त्यांचं उत्तर नीट ऐकूनही घ्यायचंय.